आंजीच्या विहिरीची सिद्धता

आमच्या सोसायटीतल्या बायका यंदाच्या थंडीत कुठे कुठे फिरून आल्या. कोणी बाली, कोणी दुबई. परत आलं की गच्चीत चहा ठेवायचा आणि सगळ्यांना फोटो दाखवायचे, अशी आमच्याकडे रीत पडली आहे. मीही फिरून आले होते, म्हणून मीही चहा ठेवला आणि एका विहिरीचा फोटो दाखवला. सगळ्याजणी वाकून बघत राहिल्या. एकीने जरा भीतभीतच विचारलं, "यात कोणी पडलं होतं का?" मी सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात कोणीतरी ढोकळ्याचा डबा उघडला आणि माझी विहीर मागे पडली. म्हणून आता लिहूनच काढते. लिहिताना मध्ये कोणी ढोकळा आणत नाही.

माझं माहेर वर्धा जिल्ह्यातलं, गावाचं नाव आंजी मोठी. लग्न होऊन पुण्याला आले, शाळेत पोरींना गणित शिकवलं, निवृत्त झाले. या खेपेला बरोबर नात होती, जुई. जुई कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, पण तिचं काम मला बरेच दिवस उमगत नव्हतं. ती म्हणे प्रोग्रॅम लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, ते सिद्ध करते. तेही स्वतः करत नाही, तिच्याकडचं एक यंत्र करतं. मग तू काय करतेस, असं विचारलं तर म्हणाली, "काय होता कामा नये, ते मी यंत्राला सांगते." हे मात्र मला लगेच समजलं. सासू झाल्यापासून माझंही हेच काम आहे.

वर्धा

स्टेशनाबाहेर आलो तर हवेत बोचरी थंडी आणि गाड्यांवर तर्री-पोहे. पुण्यात पोह्यांवर खोबरं भुरभुरवतात आणि वर लिंबाची फोड ठेवतात, पोहे आजारातून उठल्यासारखे. वर्ध्यात त्यांच्यावर हरभऱ्याची लाल तर्री ओततात. जुईने गाडीवाल्याला विचारलं, तिखट आहे का. तो म्हणाला, "नाई वो, काईच नाई." तो खोटं बोलला नाही, स्वतःच्या जिभेवर हात ठेवून बोलला. जुईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पाण्याचा ग्लास संपवून ती म्हणाली, "आजी, त्याचं उत्तर बरोबर होतं, गृहीतक चुकीचं होतं."

तिथेच तिने मला तिचं काम नीट समजावलं. तोंड भाजलेलं असलं की माणूस मोठे शब्द वापरत नाही. प्रोग्रॅम लिहून झाला की लोक तो चालवून बघतात. दहादा बघतात, हजारदा बघतात, चालला की टाळ्या. ही शितावरून भाताची परीक्षा. पण हा भात मोठा लबाड. एक शीत शिजलेलं, शेजारचं कच्चं, आणि कच्चं शीत नेमकं जावयाच्या पानात. जुईचं यंत्र शीत दाबतच नाही. चूल किती, पाणी किती, झाकण होतं का, यावरून ते तर्क करत जातं आणि शेवटी दोनातलं एक सांगतं. एक तर 'सिद्ध', म्हणजे कच्चं शीत असूच शकत नाही. नाहीतर ते एक कच्चं शीत उचलून समोर ठेवतं, की हे बघा, आधी असं केलंत, मग तसं केलंत, तर हे शीत कच्चं राहतं.

हे ऐकून मला वर्ध्याच्या कॉलेजातली कुमुद आठवली. कुमुद म्हणजे मीच, पण ती बाई इतकी वेगळी होती की तिच्याबद्दल परक्यासारखं बोललेलं बरं. तिला एकदा एक सूत्र सापडलं. कोणतीही संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर एक्केचाळीस मिळवा. उत्तर नेहमी मूळ संख्या, जिला दुसऱ्या कशानेही भाग जात नाही अशी. एकाला त्रेचाळीस, दोनाला सत्तेचाळीस, तीनाला त्रेपन्न. कंटाळा येईपर्यंत करून पाहिलं आणि मैत्रिणींना पेढे वाटले. आमच्या गणिताच्या बाईंनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "आता त्यात एक्केचाळीसच घालून बघ." घातलं. सगळ्या बेरजेलाच एक्केचाळीसने भाग जातो, हे शेंबड्या पोरालाही दिसावं. कुमुद आठवडाभर बाई आपल्यावर जळतात असं सांगत फिरली.

आंजी

आंजीच्या रस्त्याला लागलं की माझी पुणेरी भाषा एसटीच्या टपावरच्या बोचक्यासारखी घसरायला लागते. लग्नानंतर कुमुदने महिनाभर आरशासमोर उभं राहून 'मला, तुला' म्हणायचा सराव केला होता. आता अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या तोंडातून निघालं, "काऊन रे, मले घ्याले कोणी आलं नाई ते?"

घरात माझे तीन भाचे. माझ्या दादाची मुलं. दादा जाऊन दोन पावसाळे झाले. थोरला वासुदेव, पूर्णवेळ शेतकरी, बोलायला महाग. मधला दिवाकर गावच्या शाळेत कारकून, कोणत्याही विषयावर शेवटचा शब्द त्याचा. धाकटा प्रकाश सावंगीला दवाखान्यात नोकरीला, मोटरसायकलवर जाऊन-येऊन करतो. चुली तीन, वावरं म्हणजे शेतं तीन, विहीर एक.

पाण्याची त्यांच्यात बारी असते. आज याची, उद्या त्याची. आणि बारीबाबत आमच्या घरचा एक नेम आहे. ज्याला जमणार नाही त्याने आपली बारी पुढच्या भावाला द्यायची. दिली की दिली. घेणाऱ्याने नाही म्हणायचं नाही, देणाऱ्याने परत मागायची नाही, आणि तुला जमेल का असं विचारायचं तर मुळीच नाही. विचारलं तर तो अपमान. या नेमावर या घरात तीन पिढ्या भांडण झालं नाही. भांडणं झाली ती बाकी सगळ्यावर.

जुईच्या कंपनीने या विहिरीवर एक पेटी बसवली होती. तीन वावरांकडे तीन पाइप, प्रत्येकावर आपोआप उघडणारा व्हॉल्व, आणि तिघांच्या फोनवर दोन बटणं, 'घेतली' आणि 'दिली'. मोटर तर इथे सगळ्यांची आपसूकच असते. शेतातली लाइन, म्हणजे वीज, कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून लोक अशी कळ लावून ठेवतात की लाइन आली की मोटर चालू. पेटीने एवढंच करायचं, की मोटर चालू होईल तेव्हा ज्याची बारी त्याचा व्हॉल्व उघडा असला पाहिजे. सगळेच बंद राहिले तर पाण्याला वाट नाही. मग एक तर पाइप फाटणार, नाहीतर मोटर जळणार.

आजीच्या माहेरी लावू, ही जुईचीच कल्पना. ही कंपनीची पहिली विहीर. भाच्यांनी पेटी ठेवून घेतली तर पुढे इतर गावं. नको म्हणाले तर हे काम बंद, आणि जुई पुन्हा घरपोच जेवणाच्या सवलती बरोबर वजा होतात की नाही, ते सिद्ध करत बसणार. त्याचा तिला इतका वीट आला होता की रेल्वेत झोपेत तिने 'पनीर' असं म्हटलेलं मी स्वतः ऐकलं.

वासुदेवाचा पेटीवर विश्वास नव्हता. त्याची मुख्य अट अशी, की उद्या कंपनीच्या माणसाने पुण्यात बसून आमची बारी फिरवता कामा नये. जुईने ते यंत्राला सांगितलं, यंत्राने 'सिद्ध' म्हटलं. दोन व्हॉल्व एकदम उघडता कामा नयेत, तेही सिद्ध. मग तिने विचारलं की समजा तिघांनीही एकाच दिवशी बारी दिली तर. दिवाकरने असं पाहिलं, जणू सूर्य पश्चिमेला उगवला तर काय करता असं कोणी विचारलं.

"असं होतच नाई," तो म्हणाला. "विहिरीवर एक माणूस राह्यतेच. माह्या जन्मापासून पाहून राह्यलो."

वासुदेवाने मान हलवली. प्रकाशने हलवली. खरं सांगायचं तर मीही हलवली. जुईने ते गृहीत म्हणून लिहून टाकलं आणि यंत्राने सगळा प्रोग्रॅम सिद्ध करून दिला.

वासुदेव म्हणाला, "उद्या गिरडले चाल्लो. आलो का सांगतो. जमलं तं राह्यली, नाई तं पेटी काढून घेऊन जाजो."

गिरड

प्रकाशला बऱ्याच नवसांनी मुलगी झाली होती, तो नवस गिरडच्या टेकडीवर फेडायचा होता. वर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे आणि आमच्याकडची हिंदू घरं तिथे बिनदिक्कत नवस बोलतात. पुण्यातल्या मैत्रिणींना याचं नवल वाटतं. आमच्याकडे नवस बोलताना बाबा ऐकतो की नाही एवढंच बघतात.

गाडी भाड्याने केली होती. त्यात आम्ही सगळे, वांग्यांचं पोतं, पीठ, तुपाचा डबा, बाळ आणि बाळाची दुपटी. वाटेत कोणाकोणाचे फोन टुंग टुंग वाजत होते. वासुदेवाने आपला फोन वाजू नये म्हणून आवाज बंद करून बंडीच्या आतल्या खिशात घातला.

टेकडी चढताना मला पुन्हा कुमुद भेटली. ती इथे एकोणिसाव्या वर्षी उंच टाचांच्या चपला घालून आली होती. नवसावर माझा विश्वास नाही, मी फक्त सिद्धतेवर विश्वास ठेवते, असं तिने अर्ध्या चढावर थांबून जाहीर केलं होतं. थांबली होती ती दम लागल्यामुळे, पण ते तिने जाहीर केलं नाही. पुढच्याच वळणावर एक टाच तुटली. उतरताना ती एका पायाने उंच आणि एका पायाने ठेंगणी अशी आली आणि घरी आल्यावर दादाने विचारलं तर म्हणाली, चपलेच्या कारखान्याची चूक. यंदा मी कापडी बूट घालून, जुईचा हात धरून, दर दहा पावलांवर उघड उघड दम खात चढले. म्हातारपणाचे फायदे कोणी सांगत नाही.

टेकडीवर सुपारी-जायफळासारखे गोल खडे सापडतात. एका व्यापाऱ्याने बाबांशी खोटेपणा केला, तेव्हा त्याच्या मालाचे दगड झाले, असं सांगतात. प्रकाशने मूठभर खडे जुईच्या हातात दिले आणि म्हणाला, कंपनीले दाखवजो.

नवस फेडून झाल्यावर झाडाखाली गोवऱ्यांचे निखारे पडले. त्यात भाजलेले रोडगे, वांग्याची रस्सेदार भाजी, वरण. रोडगा म्हणजे कणकेचा जाड गोळा, वरून राखेने काळा आणि आत पदरापदरांचा. तो मुठीने फोडून त्यात तूप ओततात. पुण्याचे लोक त्याला बाटी म्हणतात आणि त्याची वाटी मागतात. इथे वाटी नसते, पानात तळं करायचं असतं. वासुदेवाची बायको कांता वाढत होती आणि तिच्या हाताला 'पुरे' हा शब्द ऐकू येत नव्हता.

दुसरा रोडगा फोडता फोडता मी सहज विचारलं, आज बारी कोणाची होती.

"माही," वासुदेव म्हणाला. "सकाळीच दिवाकरले देल्ली."

दिवाकरचा घास हातातच राहिला. "मले आल्ती. पण मी तं गाडीत बसल्या बसल्या परकाशले देल्ली."

प्रकाशने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "आन् मी वासुदेवदादाले."

वासुदेवाने बंडीतून फोन काढून पाहिला. एकाच गाडीत गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या तीन भावांनी एकमेकांना बारी दिली होती आणि नेमाप्रमाणे कोणी कोणाला विचारलं नव्हतं. जुईने पान बाजूला सारलं. तिचा चेहरा रोडग्याच्या राखेसारखा झाला होता. ती म्हणाली, आता पेटीतला प्रोग्रॅम वासुदेव, दिवाकर, प्रकाश, पुन्हा वासुदेव असा गोल फिरत असेल आणि तिन्ही व्हॉल्व बंद असतील. या आठवड्यात लाइन दुपारी येत होती. अजून आली नव्हती, पण आता येणारच होती. दिवाकरने गड्याला फोन लावला, तो आर्वीला लग्नात होता. मागे बँड वाजत होता.

"तुम्ही कोणीही एकाने 'घेतली' दाबा," जुई म्हणाली. "लगेच व्हॉल्व उघडेल."

एवढं सोपं होतं. पण कोणी दाबेना.

"देल्लेली बारी परत घेऊ मी?" वासुदेव म्हणाला. "आमचे बाबा सरगातून पाहून राह्यले असतीन."

दिवाकर म्हणाला, मी मधला, माझ्याकडून सुरुवात कशी. प्रकाश म्हणाला, नवसाच्या दिवशी नेम मोडला तर पोरीला बाधेल. कांताने वरणाची पळी भांड्यावर आपटली.

"मोटर जळन तं बाबा भरून देतीन काय?"

तरीही कोणी फोनला बोट लावलं नाही. मग वासुदेव जुईकडे वळला. "तूच बनवली ना वं पेटी? तूच फिरव मंग."

"नाही फिरवता येत, काका. कंपनीच्या माणसाला बारी फिरवता येता कामा नये, ही तुमचीच अट. ती सिद्ध करून दिली आहे."

"म्हंजे खरंच नाई येत?" दिवाकरने विचारलं. पेटीबद्दल आदराने बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"खरंच नाही येत," जुई म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी तर्री नव्हती.

मी हातातलं तूप पदराला पुसलं. मनात म्हटलं, हे तिघं नेमाने बांधलेले आणि ही सिद्धतेने. मोकळी मी एकटीच आहे.

"आजची बारी मले द्या," मी म्हटलं.

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. दिवाकर म्हणाला, "आत्याबाई, तुमचं वावर कुठं हाय?"

"वावर नाई म्हून तं मागून राह्यली. हक्कसोडीवर सही केली तवा जमीन सोडली होती. पाणी सोडलं असं कुठं लिवलं होतं?"

कांता खाली मान घालून हसली. माहेरवाशिणीने भर पंगतीत मागितलं आणि भाच्यांनी नाही म्हटलं, असं आंजीत झालेलं नाही, आणि या तिघांच्या हातून तर ते होणारच नव्हतं. वासुदेवाने एक श्वास सोडला. तो रागाचा नव्हता, सुटल्याचा होता. त्याने फोन माझ्या हातात ठेवला. "दाबा आत्याबाई. तुम्ही घेतली तं तुमची. वावर माहं असन, पाणी तुमचं."

आता वासुदेवाच्या फोनला झाडाखाली रेंज नव्हती, आणि दुसऱ्या कोणाचा फोन घ्यावा हे कोणाला सुचलंही नाही. जुई एका हाताने मला ओढत होती, मागून प्रकाश काखेतल्या बाळासकट मला ढकलत होता, आणि अशी ही मिरवणूक वरच्या उंचवट्यावर पोहोचली. तिथे मी बटण दाबलं. एक चकती गोल गोल फिरली. माझ्या आयुष्यात मी कशाकडे इतकं एकटक पाहिलेलं नाही, लग्नात अंतरपाटाकडेही नाही. मग अक्षरं आली, व्हॉल्व उघडला. खाली येऊन पानावर बसते न बसते तोच दिवाकरने हातातला फोन वर धरून सगळ्यांना दाखवला. लाइन आली होती, मोटर चालू झाली होती.

पुन्हा आंजी

उन्हं उतरताना थेट विहिरीवर गेलो. वासुदेवाच्या हरभऱ्यात पाणी पसरलं होतं. पाइप शाबूत, मोटर शाबूत. जुईने विहिरीच्या कठड्यावर लॅपटॉप उघडला. गृहीताचं ते एक वाक्य खोडलं आणि यंत्राला पुन्हा तोच प्रश्न घातला. कांताचा चहा उकळायच्या आत उत्तर आलं. या वेळी 'सिद्ध' नव्हतं. वासुदेवाने चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

"वासुदेव, दिली. दिवाकर, दिली. प्रकाश, दिली. लाइन आली. उघडा व्हॉल्व, एकही नाही." त्याने चष्मा काढला. "हा गिरडले आल्ता काय आपल्यासंग?"

प्रकाश हसायला लागला. दिवाकर मात्र म्हणाला, एवढं कळत होतं तर यंत्राने कालच का नाही सांगितलं. जुई म्हणाली, ते सांगणारच होतं. पण विहिरीवर एक माणूस असतोच, असं आपणच त्याला सांगितलं, मग त्याने ती शक्यता पाहिलीच नाही. ते मी आधी तपासायला हवं होतं. तिने दिवाकरकडे न बघता हे सांगितलं, तरी तो रहाटाची दोरी निरखायला लागला.

थोड्या वेळाने तो तिकडे तोंड करूनच बोलला. "खोटं नवतो बोललो मी. राह्यतच होता एक माणूस."

कोण, ते कोणाला विचारावं लागलं नाही. माझा दादा कोणाच्या लग्नाला जात नसे, बाजाराला जात नसे, गिरडला तर कधीच आला नाही. विहीर सोडून जाणं त्याला जमायचं नाही. पोरं एकमेकांना बारी देत राहायची आणि शेवटी ती त्याच्यापाशी येऊन थांबायची. तो गेला, आणि गृहीतक मागे राहिलं.



मग वासुदेव म्हणाला, "बाबाच्या जागी कोणाचं तरी नाव टाकाव लागते."

आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

विहिरीला लागून एक तुकडा आहे, तिन्ही वावरांचे धुरे, म्हणजे बांध, जिथे भेटतात तिथला. तो कोणाचा यावरून तिघांचं जमत नव्हतं, म्हणून त्यात गवताशिवाय काही उगवत नव्हतं. चहा संपेपर्यंत तो माझा ठरला. हक्कसोड केलेल्या आत्याला तीन खाटांएवढी जमीन परत मिळाली, आणि ती द्यायला मात्र तिघांचं एका दमात जमलं. जुईने चौथा पाइप, चौथा व्हॉल्व आणि चौथं नाव घातलं. तिघांनीही दिली तर बारी आत्याबाईची. यंत्राला विचारलं, या खेपेला कसलंही गृहीत न धरता. सिद्ध. वासुदेवाने पेटीच्या झाकणावर बसलेली धूळ आपल्या दुपट्ट्याने पुसली. म्हणजे पेटी राहिली.

निघताना जुईने माझ्या फोनवर ते घालून दिलं. मी बघितलं, तर एकच बटण. दुसरं कुठे गेलं, विचारलं. ती म्हणाली, तुला 'दिली' ठेवलं तर आता चौघांचं गोल फिरेल, यंत्र लगेच पकडेल. तू नाही म्हणू शकत नाहीस, यावरच सगळी सिद्धता उभी आहे.

आता मी पुण्यात आहे. कांताने त्या तुकड्यात वांगी लावली आहेत. जुई दुसऱ्या एका गावाला गेली आहे, तिथे आता ती आधी म्हातारी माणसं शोधते, असं म्हणाली. तिघांनीही बारी देण्याचा योग वर्षातून एखाद्या वेळी येईल, असा आमचा हिशोब होता. गेल्या पंधरवड्यात माझा फोन चारदा वाजला. मी कांताला फोन करून विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना, कुठे गावाला गेलेत का. ती म्हणाली, कुठं जातीन, तिघंही इथंच बसून हायेत पारावर. वांग्याले फुलं आली तुमच्या, पाणी लागते, म्हून देत असतीन.

आज सकाळी कुकर लावत होते, तेव्हा पुन्हा वाजला. मी हात पुसला आणि 'घेतली' दाबलं.